दिवेलागणीचं आकाश आणि जहाजाची जागा



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावर एक रडार होतं. २०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे दीड मीटर लांबीच्या लहरी सोडणारं. क्षितिजापर्यंतची जहाजं आणि विमानं दाखवावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. पण उन्हाळ्यात कधीकधी त्याच्या पडद्यावर चक्क अरबस्तानच्या किनाऱ्याचे ठिपके उमटत. अंतर १००० ते १७०० मैल! यंत्रात काही बिघाड नव्हता. वाळवंटावर तापलेली कोरडी हवा समुद्रावर येऊन खालच्या दमट, त्यामानाने थंड हवेवर पसरली, की दोन्हींच्या सीमेवर रेडिओ लहर खाली वाकते, पाण्यावरून परत उसळते, पुन्हा वाकते, आणि अशी पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाहत जाते. पावसाळा सुरू झाला की हवा ढवळून निघते, तो थर मोडतो आणि अरबस्तान पडद्यावरून नाहीसा होतो.

रेडिओ लहरींच्या प्रसारावरच्या जुन्या ग्रंथांत मुंबईचा हा दाखला आढळतो. इथे तो सांगायचं कारण असं, की ज्या हवेतून रेडिओ लहर जाते ती हवा त्या यंत्राचाच एक भाग असते. यंत्र कुठूनही विकत आणता येतं, हवा आणता येत नाही. ती ज्या किनाऱ्याची, त्याच किनाऱ्यावर मोजावी लागते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या गावात भूगोल शिकवत आणि तपांबर, आयनांबर हे थर फळ्यावर काढून समजावत. आजचं माझं बोलणं त्याच दोन थरांबद्दल आहे. जहाजावरच्या होतकरू अधिकाऱ्यांना रेडिओ-नौकानयन शिकवणारी शिक्षिका म्हणून मला वाटतं, की या थरांचा विचार न करता आपण जहाजांसाठी जीपीएसला पर्यायी व्यवस्थेची चर्चा करत आहोत, आणि ते आपल्याला महागात पडेल.

पर्यायी व्यवस्था हवीच कशाला, हे आधी थोडक्यात सांगते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांची प्रक्षेपणशक्ती काही दहा वॅट एवढीच. जहाजाच्या अँटेनापर्यंत येईतो त्यातलं जे उरतं ते म्हणजे एका वॅटला एकावर सोळा शून्यं असलेल्या आकड्याने भागल्यावर येईल तेवढं. इतका क्षीण संकेत बुडवायला फार ताकद लागत नाही, आणि त्याचं सोंग घेणंही आता अवघड राहिलेलं नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ असलेल्या वीसेक जहाजांना आपण गेलेंझिकच्या विमानतळावर आहोत असं दिसू लागलं. २०१६ च्या वसंतात उत्तर कोरियाकडून झालेल्या अडथळ्यामुळे दक्षिण कोरियाच्या शेकडो मासेमारी नौकांना बंदरात परतावं लागलं. १७ जून २०२५ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ फ्रंट ईगल आणि अडालिन या दोन टँकरांची टक्कर झाली. टकरीचं कारण मी इथे ठरवत नाही, पण त्या दिवसांत त्या भागातल्या पुष्कळ जहाजांना उपग्रह-संकेत धड मिळत नव्हते, याच्या नोंदी आहेत. तिथून जाणाऱ्या टँकरांवर रत्नागिरी-रायगडची मुलं कामाला असतात. कोकणातल्या घरांना होर्मुझ लांबचं नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या दीपगृह प्राधिकरणांनी २००८ मध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, फ्लॅम्बरो हेडजवळ एक प्रयोग केला. किनाऱ्यावरून कमी शक्तीचा अडथळा सोडला आणि 'पोल स्टार' हे आपलं जहाज त्यातून नेलं. जीपीएस गेल्यावर फक्त नकाशावरची जागा गेली असं झालं नाही. त्या संकेतावर विसंबणारी इतर उपकरणंही एकामागून एक इशारे देऊ लागली. ब्रिजवर जे शाबूत राहिलं, ते जमिनीवरून येणाऱ्या संकेतावरचं ई-लोरान, म्हणजे जुन्या लोरान-सी व्यवस्थेचं सुधारित रूप.

लोरानचं तत्त्व साधं आहे. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यांवरून ठरलेल्या क्षणी रेडिओ स्पंदं सुटतात. जहाजावरचा रिसीव्हर ती कधी पोचली ते मोजतो आणि वेळेवरून अंतर काढतो. वारंवारता १०० किलोहर्ट्झ, तरंगलांबी ३ किलोमीटर, शक्ती शेकडो किलोवॅट. एवढी लांब लहर क्षितिजापाशी थांबत नाही, ती जमीन आणि पाणी धरून वळत जाते. वेळेचा एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर, त्यामुळे बंदराच्या तोंडाशी उपयोगी पडायचं तर मायक्रोसेकंदाचाही लहान अंश सांभाळावा लागतो. बंदरप्रवेशासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपेक्षा १० मीटर अचूकतेची आहे.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. मुंबईच्या लोरान साखळीचे मनोरे धांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोऱ्याला उभे राहिले, कलकत्त्याच्या साखळीचे बालासोर, पतापूर आणि डायमंड हार्बरला. त्याआधी इथे डेक्का या आणखी जुन्या रेडिओ-नौकानयन व्यवस्थेच्या साखळ्या होत्या. जीपीएस आल्यावर जगभर झालं तेच इथेही झालं आणि जमिनीवरच्या साखळ्यांचं महत्त्व ओसरलं. अमेरिकेने ८ फेब्रुवारी २०१० ला आपलं लोरान-सी बंद केलं. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये डोव्हर आणि पूर्व किनाऱ्यावर ई-लोरानची प्राथमिक सेवा जाहीर केली, पण नॉर्वे आणि फ्रान्सने आपले मनोरे बंद केल्यामुळे २०१५ च्या अखेरीस तीही गुंडाळावी लागली. आता समुद्रावरच्या अडथळ्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर अनेक देश या विषयाकडे पुन्हा वळले आहेत, आणि आपल्याकडेही तो बोलला जातो. बोलताना आकडे दिले जातात ते बहुतेक युरोपातल्या चाचण्यांचे. ते आकडे खरे आहेत, पण उत्तर समुद्राच्या हवेत मोजलेले आहेत. आपल्या समुद्रावर त्यांचं काय होईल?

खालच्या थरापासून, तपांबरापासून, सुरुवात करू.

प्रकाशाचा वेग निर्वातात सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. हवेत तो किंचित कमी होतो. लोरानच्या गणितात प्रमाण हवेचा अपवर्तनांक १.०००३३८ धरला जातो, म्हणजे हजार किलोमीटरमागे ३३८ मीटरचा फरक, आणि तो वजा केलेला असतो. खरी हवा मात्र प्रमाण हवेसारखी कधीच नसते. अपवर्तनांक हवेचा दाब, तापमान आणि विशेषतः बाष्प यांवर ठरतो. कोकणातली जानेवारीतली सकाळ आणि जुलैतली दुपार यांचे साधारण आकडे पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात घालून पाहा. अपवर्तनांकाच्या शेवटच्या अंकांत, म्हणजे दशलक्ष भागांत, चाळीस ते पन्नासचा फरक येतो. ५०० किलोमीटरच्या मार्गावर तो वीस ते पंचवीस मीटर झाला. १० मीटरच्या अपेक्षेपुढे हा आकडा लहान नव्हे. शिवाय हवा उंचीबरोबर किती झपाट्याने विरळ आणि कोरडी होते, यावर लहर किती वाकणार ते ठरतं, आणि तो हिशेब वेगळा करावा लागतो. उत्तर अमेरिकेत लोरान-सीच्या वेळांमध्ये थंडीच्या लाटांबरोबर होणारे चढउतार अभ्यासले गेले आहेत. तिकडे थंड वाऱ्याची आघाडी जे करते, ते आपल्याकडे मोसमी वारा करील. कदाचित अधिक संथपणे, पण चार महिने सलग.

यावर उपाय आहे. बंदरात एक स्थिर रिसीव्हर ठेवायचा. आपली जागा त्याला पक्की ठाऊक असते, त्यामुळे आलेल्या वेळेत किती चूक आहे हे त्याला क्षणोक्षणी कळतं, आणि ती दुरुस्ती तो जहाजांना कळवतो. ब्रिटनमधली अचूकता अशाच दुरुस्तीच्या जोरावर होती. पण ही दुरुस्ती बंदरापासून काही दहा किलोमीटरपर्यंतच भरवशाची, कारण त्यापलीकडे मार्ग वेगळा आणि मार्गावरची हवा वेगळी.

मार्ग म्हटला की जमीन आली. समुद्राचं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. लोरानची लहर त्यात जेमतेम पाऊण-एक मीटर शिरते आणि फारसा वेळ न गमावता पुढे जाते. कमी वाहकतेच्या जमिनीत तीच लहर ५० मीटर किंवा त्याहून खोल शिरते, मंदावते आणि क्षीणही होते. जमिनीवरून येणाऱ्या मार्गाला लागणारी ही जादा दुरुस्ती काही मायक्रोसेकंदांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे अंतरात शेकडो मीटर ते किलोमीटरभर. म्हणून लोरान वापरणाऱ्या देशांनी आपल्या किनाऱ्याचे दुरुस्तीचे नकाशे जहाजं फिरवून तयार केले. आपला किनारा बघा. सड्यावर जांभा, त्यामागे सह्याद्रीचा बेसाल्ट, आणि घाटापलीकडे काळी माती, जी मे महिन्यात भेगाळलेली असते आणि ऑगस्टमध्ये चिंब. पाऊस मुरला की जमिनीची वाहकता वाढते. पण लहर जर पन्नास मीटर खोल जात असेल, तर वरच्या दोन-चार मीटरच्या ओलीचा परिणाम किती? हे टेबलावर बसून ठरत नाही. जांभ्यावर मोजूनच ते कळेल, आणि एकदा नव्हे, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं.

याच जमिनीचा आणखी एक परिणाम आहे आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. लोरानच्या स्पंदाला एक बाह्य आकार असतो, आणि आत १०० किलोहर्ट्झच्या लहरीची एकेक आवर्तनं. रिसीव्हर त्या आकारावरून ठरवतो की हे तिसरं आवर्तन, आणि त्याच्या शेवटी, सुरुवातीपासून ३० मायक्रोसेकंदांवर, वेळ मोजतो. लांबचा जमिनीवरचा प्रवास या आकाराला आणि आतल्या आवर्तनांना सारखं मंदावत नाही. दोघांची जुळणी सरकते. त्यात गोंगाटाची भर पडली की रिसीव्हर तिसऱ्याऐवजी दुसरं किंवा चौथं आवर्तन धरतो. एका आवर्तनाची चूक म्हणजे १० मायक्रोसेकंद, म्हणजेच ३ किलोमीटर. पंचवीस मीटरची चूक तांडेलाला किंवा कॅप्टनला त्रास देते, पण तीन किलोमीटरची चूक जहाज खडकावर नेते. आणि ती हळूहळू वाढत येत नाही. एका क्षणी जागा बरोबर असते, दुसऱ्या क्षणी तीन किलोमीटर बाजूला, आणि पडद्यावर दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे झळकतात.

आता वरच्या थराकडे, आयनांबराकडे.

दिवसा सूर्याच्या किरणांमुळे ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात आयनांचा एक थर तयार होतो. मध्यम लहरी तो पुष्कळशा शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरू लागतात. रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागतात आणि आवाज कमीजास्त होत राहतो, हे ज्यांनी रेडिओची बटणं फिरवली आहेत त्यांना मी सांगायला नको. गाणं ऐकायला हा प्रकार ठीक आहे. जागा काढताना मात्र जमिनीलगत आलेली लहर आणि आकाशातून उतरलेली लहर एकमेकींत मिसळतात आणि रिसीव्हरला कळत नाही की कोणाची वेळ खरी.

डेक्काचं हेच दुखणं होतं. ७० ते १३० किलोहर्ट्झच्या अखंड लहरींवर चालणारी ही व्यवस्था ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना वापरली गेली आणि पुढे युरोपातल्या कोळ्यांची लाडकी झाली. दिवसा तिचा पल्ला सुमारे ४०० सागरी मैल धरत, रात्री तो २४० वर येई. अखंड लहरीला सुरुवात नसते, शेवट नसतो, मग आधी आलेली कोणती आणि मागून आलेली कोणती हे वेगळं करायचं कसं? लोरान-सीने स्पंदं वापरली ती याचसाठी. ५०० किलोमीटरच्या मार्गावर आकाशलहर दिवसा साधारण ७० मायक्रोसेकंद उशिरा येते, रात्री परावर्तन अधिक उंचीवरून होत असल्यामुळे शंभराहून अधिक. ३० मायक्रोसेकंदांवर वेळ मोजून झालेली असते, आकाशलहर मागाहून पोचते. रेडिओ-नौकानयनाच्या इतिहासात इतकी सुंदर युक्ती मला दुसरी दिसत नाही.

ओमेगा या तिसऱ्या व्यवस्थेने मात्र आयनांबराशी झगडा न करता त्यालाच मार्ग मानलं. १० ते १४ किलोहर्ट्झच्या लहरी, पृथ्वी आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर जाणाऱ्या. जगभरात अवघी आठ केंद्रं, त्यांतलं एक हिंदी महासागरात रेयुनियन बेटावर. पोकळीचं छत दिवसा सुमारे ७० किलोमीटरवर आणि रात्री ९० वर, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ आकडे सरकत. ते सरकणं आधी हिशेबाने काढून दुरुस्तीच्या जाडजूड कोष्टकांत छापलेलं असे. सूर्यावर मोठा भडका उडाला की छत अचानक खाली येई आणि कोष्टक निकामी होई. एवढं सगळं करून अचूकता दोन ते चार सागरी मैलांची. ३० सप्टेंबर १९९७ ला ओमेगा बंद झालं. आज त्याची उणीव कोणाला भासत नाही, पण आयनांबराच्या या खालच्या थराबद्दल त्याने जगाला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या व्यवस्थांनी शिकवलं असेल.

सध्या ज्याची चर्चा जास्त आहे ते आर-मोडही आयनांबराच्या याच गोष्टीत बसतं. बाल्टिक समुद्रात जर्मन अंतराळ संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २०१७ पासून त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. कल्पना काटकसरीची आहे: नवे उंच मनोरे न उभारता दीपगृहांपाशी असलेल्या ३०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या केंद्रांनाच वेळेचे संकेत पाठवायला लावायचं. आपल्या दीपगृह खात्यानेही किनाऱ्यावर जीपीएस-दुरुस्तीसाठी अशी केंद्रं उभारली, त्यामुळे ही वाट आपल्याला सोपी वाटणं स्वाभाविक आहे. पण या केंद्रांना मिळालेला वारंवारतेचा पट्टा फार अरुंद असतो. अरुंद पट्ट्यात टोकदार स्पंद मावत नाही, लहर जवळजवळ अखंडच राहते, आणि डेक्काचं रात्रीचं दुखणं परत येतं. बाल्टिकमध्येही सूर्यास्तानंतर अचूकता घसरते हे त्या लोकांनी उघड मांडलं आहे. त्याला जोड म्हणून ते एआयएसच्या, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा एकमेकांना कळवतात त्या व्यवस्थेच्या, जवळच्या १६० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरू पाहतात. त्या लहरी आयनांबरावरून परतत नाहीत, पण मुंबईच्या रडारला अरबस्तान दाखवणाऱ्या थराच्या त्या नेमक्या आवडत्या. एआयएसमध्ये प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २२५० कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक जहाजाने आपापल्या कप्प्यात बोलायचं असतं. उन्हाळ्यात शेकडो मैलांवरची जहाजं ऐकू यायला लागली की त्याच कप्प्यात दोघेजण बोलतात.

विजेबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण युरोपच्या अहवालांत तिला फारशी जागा मिळत नाही.

वीज चमकते तेव्हा ती स्वतः एक प्रचंड रेडिओ प्रक्षेपक असते. तिची बहुतेक शक्ती १० किलोहर्ट्झच्या आसपास, पण १०० आणि ३०० किलोहर्ट्झलाही भरपूर. हा गोंगाट उष्ण कटिबंधात सर्वांत जास्त, आणि रात्री अधिक, कारण रात्री दूरदूरच्या वादळांचा आवाजही आकाशातून येऊन पोचतो. एप्रिल-मे महिन्यांत वळीव आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस घाटावर गडगडत असतो, तेव्हा समुद्रावरच्या रिसीव्हरला मनोऱ्याच्या स्पंदाआधी ही खरखर ऐकू येते. मुंबई साखळीच्या स्पंदांचा गट दर ६०.४२ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सोळा वेळा, पुन्हा येत असे, त्यामुळे पाच सेकंदांत ऐंशी गटांची सरासरी काढता येई. विजेने त्यातले पाच-दहा खराब केले तर चालतं. निम्मे केले, तर तीन किलोमीटरच्या त्या चुकीची शक्यता वाढते. पावसाचे विद्युतभारित थेंब अँटेनावर आपटून आणखी एक खरखर होते. तिच्यावर उपाय म्हणून चुंबकीय क्षेत्र टिपणारी वळशाची अँटेना वापरतात, आणि आपल्याकडे लोरानचा विचार झालाच तर ती सुरुवातीपासूनच हवी.

याच विजेचा दुसरा उपयोग पुण्यात होतो. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रात विजांची जागा टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारायला घेतलं. 'दामिनी' ॲपवर इशारे येतात ते याच कामातून. विजेचं स्पंद वेगवेगळ्या केंद्रांवर कोणत्या क्षणी पोचलं यावरून ती कुठे पडली हे काढतात. गणित लोरानचंच, फक्त उलटं: लोरानमध्ये मनोऱ्यांची जागा ठाऊक असते आणि जहाजाची काढायची असते, इथे केंद्रांची ठाऊक असते आणि विजेची काढायची. तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला, कुठे वीज असते, याच्या नोंदी तयार आहेत. जहाजांच्या दृष्टीने त्या कोणीतरी वाचायला हव्यात.

आता हे सगळं एकत्र ठेवू. पर्यायी व्यवस्थेकडून अचूकतेच्या आधी मी एक गोष्ट मागते: मुख्य व्यवस्था ज्या वेळी रुसते, त्याच वेळी तिने रुसू नये. युरोपात ही अट आपोआप बरीचशी पाळली जाते. १० आणि ११ मे २०२४ ला मोठं चुंबकीय वादळ झालं. अमेरिकेच्या शेतांत उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले. अशा वेळी जमीन धरून जाणाऱ्या लोरानच्या मोजणीला वरच्या थरातल्या त्या गोंधळाशी फारसं कर्तव्य नसतं. दोन्ही व्यवस्था आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतून जातात, म्हणून वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात.

पण आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ राहतो. रॉकेट सोडायला थुंबा निवडलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं उड्डाण झालं, ते त्याच कारणाने. आपल्यावरच्या आयनांबराचा एक स्वभाव असा, की सूर्यास्तानंतर त्यात विरळ आयनांचे बुडबुडे उठतात आणि उपग्रहाचा संकेत थरथरू लागतो. मध्यरात्रीपर्यंत हे चालतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे मुख्य महिने, आणि सूर्य जास्त सक्रिय असेल त्या वर्षांत ते जोरात असतं. म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत, उपग्रहांचा संकेत थरथरणार. त्याच वेळी आकाशलहरी उतरू लागणार आणि आर-मोडचा पल्ला आक्रसणार. त्याच वेळी वळवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या विजा लोरानच्या स्पंदांवर तडतडणार. तिन्ही कारणं वेगळी, पण आपल्या आकाशात ती एकाच वेळेला येतात. ऑक्टोबर म्हणजे मासेमारी जोरात असते तो काळ, मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या तोंडाशी टँकर, कंटेनरची जहाजं आणि शेकडो होड्या एकाच पाण्यात असतात.

तिन्ही व्यवस्था त्या वेळी कोलमडतील असा माझा दावा नाही. लोरान बहुधा टिकेल, कारण त्याची स्पंदाची युक्ती भक्कम आहे आणि शक्ती मोठी आहे. पण 'बहुधा' या भरवशावर बंदराच्या तोंडाशी जहाज नेत नाहीत. कोणतीही यंत्रणा विकत घेण्याआधी तिची चाचणी ऑक्टोबरच्या संध्याकाळी व्हावी, जानेवारीच्या दुपारी नव्हे, ही माझी मुख्य मागणी आहे. विक्रेत्याने दिलेली अचूकता कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी मोजली, हा प्रश्न निविदेच्या पहिल्या पानावर असावा.

मोजणीला सुरुवात करायला मनोरा उभारण्याची वाट बघायची गरज नाही. विजेचा गोंगाट मोजायला प्रक्षेपक लागतच नाही: वळशाची अँटेना, चांगला रिसीव्हर आणि अचूक घड्याळ पुरतं. किनाऱ्यावरच्या चालू केंद्रांची लहर रात्री किती बळावते, किती डळमळते, हे शेदोनशे किलोमीटरवर बसून नोंदवता येतं. या जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला हे जमेल, आणि मुलांना यातून जे शिकायला मिळेल ते पुस्तकात नाही. दीपगृहांच्या जागा त्यासाठी उत्तम आहेत, शहरातल्या विद्युत उपकरणांच्या गोंगाटापासून दूर. आयनांबराच्या खालच्या थराचा अभ्यासही महाराष्ट्राला परका नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवी मुंबईत आहे, आणि तिने कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जे मध्यम-लहरी रडार चालवलं ते ८० ते ९८ किलोमीटरच्या पट्ट्यातले वारे मोजत असे. रात्रीच्या आकाशलहरी साधारण त्याच उंचीवरून परततात.

आणि हे एका वर्षाचं काम नव्हे. सूर्याचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं, तेव्हा ऑक्टोबरची संध्याकाळ दरवर्षी सारखी नसते. अशा लांबच्या नोंदी ठेवायची सवय या किनाऱ्याला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेने सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळाची जी नोंद केली, ती आजही जगभर वापरली जाते, कारण आपल्या अक्षांशांवर इतका मोठा फरक, सुमारे १६०० नॅनोटेस्लाचा, त्या वेळी टिपलेला दुसरीकडे क्वचितच सापडतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली, आणि नोंदींत खंड पडू नये म्हणून कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे काही काळ एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. किनाऱ्यावरच्या रेडिओ-नोंदींनाही तेवढीच शिस्त हवी: एक ठरलेली अँटेना, एक ठरलेली पद्धत, यंत्र बदलायचं तर जुनं-नवं काही महिने शेजारी शेजारी, आणि सगळे आकडे सर्वांना खुले. बंदर चालवणाऱ्यांना, दीपगृह खात्याला, होड्यांच्या सोसायट्यांना आणि जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला.